साठ ग्रॅम आणि तीनशे किलो

पालघर तालुक्याला अमोनियाची नव्याने ओळख करून द्यायला नको. सातपाटीच्या किनाऱ्यावर उतरलेल्या पापलेटांवर जो बर्फ पडतो, तो करणाऱ्या कारखान्यांच्या नळ्यांतून अमोनियाच खेळत असतो. भाताच्या खाचरात टाकायचा युरियाही अमोनियापासूनच होतो. पण बोईसरला लागून असलेल्या सरावलीसारख्या गावांच्या शिवारात तारापूर औद्योगिक वसाहत पसरली आहे. तिथल्या धंद्यात अमोनियाकडून आणखी एक काम करून घेतात, आणि ते वसाहतीबाहेर फारसे कुणाला ठाऊक नसते. लोखंडाने धरून ठेवलेला ऑक्सिजन अमोनिया काढून नेतो. रसायनशास्त्र याला क्षपण म्हणते.

आता हे नीट सांगायला हवे, कारण सरावलीत लोखंड तयार होत नाही. इथे खाण नाही, झोतभट्टी नाही. ट्रेलरवर लादलेली पोलादाची गुंडाळी, म्हणजे कॉइल, बाहेरून येते. इथे तिचा पातळ पत्रा होतो, त्याला जस्त चढते, रंग चढतो. कुठे तार ओढली जाते, कुठे स्टेनलेसच्या सळ्या होतात. या वसाहतीचे पोलादाशी नाते जुने आहे. जिंदल समूहाने १९८२ मध्ये तारापूरची पिरामल स्टील ही छोटी पोलाद गिरणी घेतली आणि तिचे नाव जिंदल आयर्न अँड स्टील कंपनी ठेवले. आजच्या जेएसडब्ल्यूची मुळे तिथपर्यंत जातात. टाटा स्टीलचा तारेचा कारखानाही याच वसाहतीत आहे. म्हणजे खनिजापासून सुरू होणाऱ्या लांबलचक साखळीची ही शेवटची कडी. अमोनियाने लोखंड करण्याचे प्रयोग साखळीच्या पहिल्या कडीवर चालले आहेत, जर्मनीत आणि जपानमध्ये. मग सुरुवात सरावलीपासून कशाला? कारण प्रयोगशाळेत जे टनावारी करायचे स्वप्न आहे, ते शेवटच्या कडीवर ग्रॅमवारी कित्येक दशके रोज घडते आहे.

पत्र्याला जस्त चढवायचे तर पत्रा उघडा, स्वच्छ लोखंडाचा असावा लागतो. वितळलेले जस्त ऑक्साइडला धरत नाही. आणि लोखंड हवेत क्षणभर उघडे राहिले तरी त्याच्यावर ऑक्साइडचा थर बसतोच, मग तो डोळ्यांना दिसो वा न दिसो. तादेउश सेन्झिमिर या पोलिश अभियंत्याने १९३० च्या दशकात यावर तोडगा काढला. पत्र्याची पट्टी सलग भट्टीतून ओढायची, भट्टीत हायड्रोजन असलेला वायू भरायचा, ऑक्साइडचे लोखंड करायचे आणि हवेचा वाराही लागू न देता पट्टी थेट जस्ताच्या कुंडात बुडवायची. आजच्या बहुतेक गॅल्व्हनायझिंग लाइन या कल्पनेवर चालतात.

हायड्रोजन आणायचा कुठून? मोठे कारखाने पाण्याच्या विद्युत-विघटनातून किंवा नैसर्गिक वायूतून तो काढतात. मधल्या आणि लहान कारखान्यांची जुनी सोय म्हणजे अमोनिया. द्रव अमोनियाचे सिलिंडर किंवा टाकी आवारात ठेवायची आणि शेजारी क्रॅकर बसवायचा. क्रॅकर म्हणजे निकेलचे उत्प्रेरक भरलेले, सुमारे ९०० अंशांना तापवलेले भांडे. त्यातून जाताना अमोनिया फुटतो आणि तीन भाग हायड्रोजन, एक भाग नायट्रोजन असे मिश्रण बाहेर पडते. एक किलो अमोनियाचा साधारण २.६ घनमीटर वायू होतो. स्टेनलेसची तार चकचकीत ठेवून मऊ करायची, म्हणजे ब्राइट ॲनिलिंग करायचे, तर हाच वायू लागतो. त्यातला बाष्पाचा अंश नगण्य ठेवावा लागतो. भट्टीवरचा माणूस दिवसभर ड्यू पॉइंटवर, म्हणजे वायूतले बाष्प ज्या तापमानाला दवासारखे जमते त्या आकड्यावर, नजर ठेवतो ती त्यासाठी. स्टेनलेसमधले क्रोमियम आपला ऑक्सिजन सहजी सोडत नाही. लोखंड त्या मानाने पुष्कळ दिलदार.

हिशेब मांडून पाहू. अर्धा मिलिमीटर जाडीच्या एक टन पत्र्याचे दोन्ही बाजू मिळून क्षेत्रफळ भरते सुमारे ५१० चौरस मीटर. त्यावर एक दशांश मायक्रॉन जाडीचा ऑक्साइडचा थर धरला तर त्याचे वजन पाव किलोच्या थोडे वर जाते. तेवढ्याचे लोखंड करायला कागदावर ५७ ग्रॅम अमोनिया पुरतो. प्रत्यक्षात भट्टी सतत वायूने भरलेली ठेवावी लागते, म्हणून खर्च कितीतरी अधिक होतो. पण रसायनाची मागणी मात्र टनाला साठ ग्रॅमच्या आतली.

अमोनियाच्या घराण्यातला आणखी एक पदार्थ आपल्याकडे धातू साफ करत आला आहे, तोही इथे नोंदवून ठेवतो. कल्हईवाला तापलेल्या पातेल्यात नवसागर टाकायचा आणि पांढरा धूर उठायचा. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. तापल्यावर त्यातून निघणारे आम्ल पितळेवरचा ऑक्साइड खाते आणि कथील धरते. श्रेय तिथे मुख्यतः आम्लाचे. जस्ताच्या कुंडाआधी सुटे भाग ज्या द्रावणात बुडवतात, त्यातही जस्ताच्या जोडीला हाच नवसागर असतो.

आता साखळीच्या पहिल्या कडीकडे जाऊ. गडचिरोलीच्या सुरजागडचे खनिज घ्या किंवा बैलाडिलाचे. ते हेमॅटाइट, म्हणजे पत्र्यावर नको असलेले तेच ऑक्साइड, डोंगरच्या डोंगर. त्यातला ऑक्सिजन काढायला माणसाने तीन हजारांहून जास्त वर्षे कार्बन वापरला, आधी लोणारी कोळसा आणि मग दगडी कोळशाचा कोक. कार्बन ही मोठी सोयीची वस्तू आहे. तो जळून उष्णता देतो, त्याचा मोनॉक्साइड ऑक्सिजन ओढून घेतो, आणि थोडा लोखंडात विरघळून त्याचा वितळबिंदू खाली आणतो. एका मजुरात तीन मजूर. अडचण एवढीच की ऑक्सिजन घेऊन तो जातो कार्बन डायॉक्साइड होऊन. भारत सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये हरित पोलादाची व्याख्या ठरवली. तिच्यात बसायला टनामागे २.२ टनांपेक्षा कमी कार्बन डायॉक्साइड हवा, आणि सर्वोच्च पंचतारांकित दर्जासाठी १.६ टनांपेक्षा कमी. उंबरठा २.२ ला ठेवावा लागला यावरूनच आपल्या भट्ट्या किती धूर सोडतात ते कळावे. स्पंज आयर्नच्या, म्हणजे खनिज न वितळवता केलेल्या सच्छिद्र लोखंडाच्या, उत्पादनात आपला देश कित्येक वर्षे जगात पहिला आहे, पण त्यातले बहुतांश चंद्रपूर-रायपूरकडे दिसतात तशा फिरत्या भट्ट्यांत, कोळशावर होते.

कार्बनऐवजी हायड्रोजन वापरला तर धुराऐवजी वाफ निघते. हे शाळेतल्या पुस्तकातले समीकरण स्वीडनमध्ये लुलेओ येथे हायब्रिट प्रकल्पाने कारखान्याच्या मापावर आणून दाखवले. तिथला पथदर्शी कारखाना २०२० मध्ये सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी कोळशाविना केलेले पोलाद व्होल्वोकडे गेले. एक टन लोखंडाला कागदी हिशेबाने ५४ किलो हायड्रोजन लागतो. वजनाने किरकोळ, पण हायड्रोजन साठवणे आणि वाहून नेणे हा छळ आहे. द्रव करायचा तर उणे २५३ अंश. आणि द्रव केल्यावरही एका घनमीटरात फक्त ७१ किलो मावतो. अमोनिया उणे ३३ अंशांना द्रव होतो, किंवा नेहमीच्या तापमानाला दहा वातावरणांच्या आसपासच्या दाबाने. आणि गंमत अशी की द्रव अमोनियाच्या एका घनमीटरात शंभर किलोंहून अधिक हायड्रोजन बसतो. शुद्ध हायड्रोजनपेक्षा हायड्रोजन जास्त! शिवाय त्याची जहाजे, टाक्या, नळ, वाल्व, त्याला हाताळणारी माणसे हे सगळे खतांच्या धंद्याने शंभर वर्षांत उभे केलेले आहे. तेव्हा प्रश्न सरळ येतो: हायड्रोजन न्यायचाच आहे अमोनियाच्या रूपात, तर तो आधी फोडायचा कशाला? थेट खनिजावरच सोडला तर?

होक्काइडो विद्यापीठात तोमोहिरो अकियामा यांच्या गटाने हे करून पाहिले आणि २०११ मध्ये प्रसिद्ध केले. चारशे अंशांच्या थोडे वरच खनिज उतरू लागले होते, लोखंडाबरोबर नायट्राइडही होत होते. मग २०२३ मध्ये जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या माक्स प्लांक संस्थेत यान मा, डिर्क राबे आणि सहकाऱ्यांनी ७०० अंशांवर प्रयोग केले. त्यांना आढळले की अमोनियाने खनिजाचे जवळजवळ हायड्रोजनइतक्याच वेगाने लोखंड होते. ही संस्था तेव्हा लोहसंशोधनाची म्हणून ओळखली जाई. पुढच्या वर्षी तिने ‘शाश्वत पदार्थ’ असे शब्द घालून नाव बदलले. काळाची चाहूल संस्थांच्या पाट्यांवर आधी दिसते.

इतक्या वेगाने हे होते ते का, याचे उत्तर शंभर वर्षे मागे सापडते आणि या सगळ्या विषयातला मला सर्वांत आवडणारा भाग तोच आहे. फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये नायट्रोजन-हायड्रोजनपासून अमोनिया करून दाखवला, पण त्यांचे उत्प्रेरक होते ऑस्मियम, दुर्मीळ आणि महागडे. बीएएसएफ कंपनीत आल्विन मिताश यांनी हजारो मिश्रणे तपासली. चालले ते स्वीडनच्या गॅलिव्हारे येथले मॅग्नेटाइट, म्हणजे लोहखनिज. ते वितळवून, त्यात ॲल्युमिना-पोटॅशसारखे थोडे पदार्थ घालून संयंत्रात भरायचे, आणि हायड्रोजनच्या झोतात त्याचेच लोखंड होऊन ते उत्प्रेरक बनते. १९१३ मध्ये ओपाऊचा कारखाना सुरू झाला. जगातला जवळजवळ प्रत्येक अमोनिया कारखाना तेव्हापासून सुरू होताना आपल्या पोटात थोडे लोखंड ‘तयार’ करतो, कोळशाविना. आणि जो पदार्थ दोन वायूंना जोडायला मदत करतो, तोच परिस्थिती उलटली की त्यांना तोडायलाही मदत करतो. अधिक दाब आणि कमी उष्णता असली तर लोखंड अमोनिया घडवते. दाब कमी, उष्णता जास्त असली तर मोडते. म्हणून खनिजाच्या भट्टीत वेगळ्या क्रॅकरची गरजच उरत नाही. पहिले काही कण लोखंड झाले की तेच पुढचा अमोनिया फोडू लागतात. सरावलीच्या क्रॅकरमध्ये निकेल जे काम करते, ते इथे माल स्वतःच करतो. (गॅलिव्हारे आणि लुलेओ एकाच लोहमार्गावर आहेत हा योगायोग सांगितल्याशिवाय राहवत नाही.)

हाबर यांची पद्धत बीएएसएफमध्ये कारखान्याच्या मापावर नेणाऱ्या कार्ल बॉश यांची एक डोकेदुखीही इथे आठवते. त्यांची पहिली पोलादी नळकांडी तापलेल्या हायड्रोजनच्या दाबाखाली काही दिवसांत फुटत. हायड्रोजन पोलादातला कार्बन खाऊन त्याला ठिसूळ करत होता. उपाय म्हणून त्यांनी आत मऊ, कार्बन नसलेल्या लोखंडाचे अस्तर दिले आणि बाहेरच्या कवचाला बारीक भोके पाडली, झिरपलेला वायू निघून जावा म्हणून. हायड्रोजन आणि लोखंड यांना एकत्र नांदवायचे तर काय सोसावे लागते, हे त्यांना तेव्हाच कळले होते.

आता उष्णतेची खातेवही उघडू, कारण उत्साह तिथे ओसरतो. कार्बन मोनॉक्साइड ऑक्साइडमधला ऑक्सिजन घेतो तेव्हा थोडी उष्णता सुटते. हायड्रोजन घेतो तेव्हा उष्णता द्यावी लागते: हेमॅटाइटच्या एका मोलमागे सुमारे ९९ किलोज्यूल. अमोनियाला आधी फुटायलाही उष्णता लागते, ती साधारण ९२. दोन्ही मिळून १९०, म्हणजे हायड्रोजनच्या जवळजवळ दुप्पट. ही उष्णता भट्टीत बाहेरून घालायची तर वायू खूप तापवून सोडावा लागेल आणि तापवतानाच अमोनिया नळांच्या भिंतींवर फुटू लागेल. मग ‘थेट अमोनिया’ या शब्दांत थेटपणा कितीसा राहिला? माझ्या मते मोठ्या भट्टीत शेवटी काही भाग बाहेर फोडूनच द्यावा लागेल.

दुसरी अडचण नायट्रोजनची, आणि ती प्रयोगशाळेच्या नळीत दिसत नाही. भट्टीतून एकदा गेलेल्या वायूतला बराचसा हायड्रोजन न वापरताच बाहेर येतो. तो पुन्हा आत फिरवावा लागतो. निव्वळ हायड्रोजन असेल तर सोपे: बाहेर आलेला वायू गार करा, वाफेचे पाणी होऊन खाली बसेल, उरलेला परत पाठवा. अमोनियाबरोबर मात्र हायड्रोजनच्या दर तीन रेणूंमागे नायट्रोजनचा एक रेणू येतो, आणि तो ना खनिजाला लागतो ना पाण्यात जातो. प्रत्येक फेरीत तो साचत जातो. सोडून द्यावा तर सोबत हायड्रोजनही जातो. वेगळा काढावा तर त्यासाठी वेगळे संयंत्र, वेगळी वीज. न फुटलेला अमोनिया वाफेच्या पाण्यात उतरतो तो वेगळाच. आणि सोडलेला वायू जाळला तर नायट्रोजनची ऑक्साइडे.

नायट्रोजन लोखंडातही शिरतो. भट्टी गार होताना अमोनिया चालू राहिला तर लोखंडाचे नायट्राइड बनते. पत्र्याच्या पोलादात नायट्रोजन म्हणजे विघ्न. पत्रा कालांतराने ताठर होतो, दाबताना त्यावर रेघा उमटतात. पण पुण्याच्या भोसरी-चाकण पट्ट्यात हीच क्रिया मुद्दाम करतात: पाचशे अंशांच्या थोडे वर अमोनियाच्या भट्टीत गिअर आणि क्रँकशाफ्ट तासन्‌तास ठेवून वरची कातडी कणखर करून घेतात. ड्युसेलडॉर्फच्या गटाने याचा आणखी एक फायदा दाखवला. ताजे स्पंज आयर्न हवेला आणि ओलीला भारी संवेदनशील असते, जहाजाच्या खणात तापून पेटही घेऊ शकते. वर नायट्राइडचे कवच असले तर ते पुन्हा गंजत नाही, आणि पुढे विजेच्या भट्टीत वितळवताना नायट्रोजन निघून जातो. अर्थात पुरेसा जातो की नाही, हे पत्रा करणारा ठरवेल.

हे सगळे महाराष्ट्रात कुठे घडू शकले असते तर रायगडच्या किनाऱ्यावर. अलिबागजवळ थळ-वायशेतला राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा अमोनिया-युरियाचा कारखाना १९८० च्या दशकात उभा राहिला. नंतरच्या दशकात रेवदंड्याच्या खाडीपलीकडे साळावला विक्रम इस्पातची आणि पेण तालुक्यात डोलवीला इस्पात कंपनीची, अशा वायूवर चालणाऱ्या स्पंज आयर्नच्या दोन भट्ट्या आल्या. आज दोन्ही जेएसडब्ल्यूकडे आहेत. खतही मुंबई हायच्या वायूवर वाढले आणि लोखंडही. या भट्ट्यांत नैसर्गिक वायूचे आधी हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड केले जाते, आणि त्यात वाटा हायड्रोजनचा मोठा असतो. म्हणजे हायड्रोजनने लोखंड करणे कोकणाला तीस वर्षांपासून ठाऊक आहे. फक्त तो हायड्रोजन वायूतून येतो.

तिघे शेजारी आहेत, मग थळचा अमोनिया डोलवीला का नेऊ नये? एक टन लोखंडाला कमीत कमी ३०५ किलो अमोनिया लागतो. दहा लाख टनांच्या भट्टीला वर्षाला तीन लाख टनांहून जास्त. थळच्या दोन ओळींची मूळ क्षमता दिवसाला प्रत्येकी १,३५० टन होती. म्हणजे एका भट्टीसाठी खताच्या कारखान्याचा तिसरा हिस्सा द्यायचा. त्याचा युरिया कोण करणार? आणि हा अमोनिया नैसर्गिक वायूपासूनच होतो. टनामागे साधारण पावणेदोन-दोन टन कार्बन डायॉक्साइड तिथेच निघतो. वायूचा अमोनिया करायचा, मग अमोनिया फोडून लोखंड करायचे, आणि शेजारच्या भट्टीत तोच वायू थेट चालतो आहे! हा द्राविडी प्राणायाम कुणी करू नये.

अमोनिया हरित असला, म्हणजे पाणी विजेने फोडून काढलेल्या हायड्रोजनचा असला, तरच या कल्पनेला अर्थ आहे. अशा एक टन अमोनियाला सुमारे दहा हजार युनिट वीज लागते. एक टन लोखंडाच्या वाट्याला येतात तीन हजार युनिट, नुसत्या ऑक्सिजन काढण्यासाठी. सरावलीहून जवळच तारापूरच्या अणुवीज केंद्रात ५४० मेगावॅटचे दोन संच आहेत. त्यातला एक अख्खा संच वर्षभर न थांबता याच कामाला जुंपला तर पंधरा लाख टन लोखंडाची सोय होईल. देशाचे आजचे पोलाद वर्षाला पंधरा कोटी टनांच्या घरात आहे. शंभर संच.

दराचेही पाहू. राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटी रुपयांची मंजुरी मिळाली. त्याखाली २०२५ मध्ये खत कारखान्यांसाठी हरित अमोनियाचे लिलाव झाले आणि पहिल्याच लिलावात किलोला ५५.७५ रुपये दर आला. त्या दराने ३०५ किलोंचे १७ हजार रुपये होतात. खनिज, वीज, मजुरी, व्याज यांच्या आधी. म्हणून सूर्य आणि मोकळी जमीन जिथे आहे तिथे हायड्रोजन करून त्याच जागी लोखंड करावे, आणि वाहायचेच तर लोखंड वाहावे, असे मला वाटते. लोखंडाला टाकी लागत नाही. अमोनियाचा मार्ग जपान-जर्मनीसारख्या, भट्ट्या आपल्याच दारात ठेवू पाहणाऱ्या आणि वीज बाहेरून आणायला बसलेल्या देशांना सोयीचा. राजस्थान-गुजरातच्या उन्हाशेजारी राहणाऱ्या महाराष्ट्राने तो आपला म्हणून उचलायची घाई करू नये.

सुरक्षेचा मुद्दा तारापूर-बोईसरकरांना वेगळा समजावून द्यावा लागत नाही. अमोनियाचा वास अगदी थोड्या मात्रेतही नाकाला झोंबतो, हा त्याचा चांगुलपणा. हवेत दशलक्षात ३०० भाग झाले की तिथे थांबणे जिवावरचे. कारखान्यातल्या क्रॅकरजवळ काही सिलिंडर असणे आणि भट्टीला रोज हजार टन पुरवणारी टाकी असणे, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. वस्ती भिंतीला टेकलेली असताना तर आहेच.

तर साठ ग्रॅम जमतात आणि तीनशे किलो परवडत नाहीत. पण सरावलीला या दोहोंच्या मधला एक आकडा जास्त जवळचा आहे, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. बाहेरून येणारी तापवून लाटलेली कॉइल निळसर-काळ्या पापुद्र्याने झाकलेली असते. या पापुद्र्याला कारखान्यात स्केल म्हणतात; जाडी साधारण सात ते दहा मायक्रॉन. ते काढल्याशिवाय पत्रा पुढे लाटता येत नाही. काढायचा मार्ग म्हणजे पिकलिंग: हायड्रोक्लोरिक किंवा सल्फ्युरिक आम्लाच्या टाक्या, मग पाण्याच्या धुवण्या. वापरून झालेले आम्ल लोहक्षारांनी भरलेले असते. मोठ्या कारखान्यांत ते भाजून आम्ल परत मिळवतात आणि उरलेली लाल भुकटी विकतात. लहान कारखान्यांचे आम्ल चुन्याने मारून गाळ करावा लागतो, पाणी सामायिक प्रक्रिया केंद्राकडे आणि तिथून नळाने नवापूरच्या समुद्राकडे जाते. तारापूर वसाहतीच्या सांडपाण्याविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेली, ती मासेमारी करणाऱ्यांची बाजू घेऊन. वसाहतीतल्या सांडपाण्यात औषधांचे आणि रंगांचे कारखाने मोठे वाटेकरी आहेत, पण आम्लाचा धंदाही त्यात आहेच.

स्केल म्हणजे लोखंडाचे ऑक्साइड. अडीच मिलिमीटर जाडीच्या एक टन कॉइलवर ते चार-साडेचार किलो असते. त्याचे लोखंड करायला कागदावर एक किलोहूनही कमी अमोनिया पुरतो. हरित अमोनिया घेतला तरी टनाला पन्नास-पंचावन्न रुपये. आम्ल नाही, गाळ नाही, आणि स्केलमधले जे लोखंड आम्लात विरघळून जात होते ते पत्र्यावरच राहते. वायूने स्केल उतरवण्याची ही कल्पना संशोधकांनी तपासली आहे. अडचणी खऱ्या आहेत. आम्लाच्या टाकीतून पट्टी अर्ध्या मिनिटाच्या आसपास पार होते. वायूला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो, म्हणजे तेवढी लांब भट्टी आणि अख्खी पट्टी तापवण्याचा खर्च. स्केलचे झालेले लोखंड स्पंजासारखे सच्छिद्र असते, लाटताना ते पत्र्याला चिकटून राहील की पापुद्रे उडतील हे लाटल्यावरच कळते. सिलिकॉन जास्त असलेल्या पोलादावरची ऑक्साइडे अमोनियाला दाद देत नाहीत. पण ज्या पत्र्याला पुढे लगेच सेन्झिमिर पद्धतीच्या भट्टीतूनच जायचे आहे, त्याला तापवण्याचा खर्च दोनदा करावा लागणार नाही. तो धागा पकडून एखाद्या मधल्या आकाराच्या लाइनवर प्रयोग करायला भट्टी आहे, क्रॅकर आहे, ड्यू पॉइंट वाचणारी माणसेही आहेत.